पाल्याचं देणं

रोज सकाळी मी पेलाभर हिरवी स्मूदी पिते. सासूबाई तिला ‘पाल्याचं सरबत’ म्हणतात आणि अर्धा पेला आपल्यासाठी काढून ठेवायला लावतात. त्या पेल्यात काय घालायचं, काय चुकूनही घालायचं नाही, कोणत्या दिवसांत कोणता पाला कच्चा चालतो आणि कोणता आधी उकळत्या पाण्यातून काढावा लागतो, हे मला आज नीट कळतं. ज्यांच्यामुळे कळलं त्यांत पहिला मान पुण्यात आमच्या सहकारनगरच्या कोपऱ्यावर पालेभाजी घेऊन बसणाऱ्या मावशींचा. नाव लिहू का, म्हणून विचारलं तर त्यांनी मान हलवली. ‘समदी मावशीच म्हनत्यात, तुमी बी तेच ल्हिवा.’

एका वर्षी मला जिना चढताना धाप लागायची. दुपार झाली की अंग गळून जायचं, विंचरताना केसांचा पुंजका कंगव्यात यायचा. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 8.6 निघालं. त्यात नवल काही नव्हतं; 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, ‘भरून काढायचं काम गोळीचं. पण पुन्हा खाली येऊ नये म्हणून रोज पाला पोटात गेला पाहिजे. भाजी करून खा, नाहीतर वाटून प्या.’ सकाळी नोकरीच्या घाईत भाजी निवडून फोडणीला टाकणं मला जमणारं नव्हतं. वाटून पिणं जमण्यासारखं होतं.

त्याच संध्याकाळी मावशींकडे गेले आणि पालकाच्या दोन जुड्या मागितल्या. बोलता बोलता सांगितलं, की कच्चा वाटून पिणार आहे. मावशींनी पिशवीत घातलेल्या जुड्या परत काढून घेतल्या.

‘मग ही नगं. ही बाजारातनं भरलेली हाय. कुटल्या पान्याची, कवा फवारलेली, मला ठावं न्हाई. शिजवून खायाची तर न्या. कच्ची प्यायला न्हाई देनार मी.’

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांना परवडणारं नव्हतं. दिवसभर उन्हात बसून पालेभाजीत काय सुटतं, हे मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. तरी त्यांनी मला रिकाम्या हाताने पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाफ्यातली जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. त्यांचं गाव सासवडकडे, कऱ्हेच्या अंगाला. विहिरीच्या पाण्यावर थोडेसे वाफे आहेत. पहाटे टेम्पोत माल टाकून दिवे घाट उतरायचा आणि ऊन चढायच्या आत कोपरा गाठायचा, असा त्यांचा रिवाज. घरचा माल पुरत नाही म्हणून उरलेला बाजारातून भरतात, पण दोन्ही ढीग कधी एकत्र करत नाहीत. डाव्या हाताला घरचा, उजव्या हाताला विकतचा.

कच्च्या पाल्याच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. कोणता पाला जास्त पौष्टिक, हे नंतर. आधी तो कोणत्या पाण्यावर वाढला ते. मुंबईला बहिणीकडे जाताना रुळांच्या कडेने पालकाचे, माठाचे वाफे दिसतात आणि त्यांना नाल्याचं पाणी दिलेलंही दिसतं. पालेभाजी जमिनीतलं शिसं, कॅडमियम असले जड धातू शोषून घेते आणि ते धुऊन जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. ज्या जुडीच्या पाण्याचा ठावठिकाणा सांगणारं माणूस समोर आहे, ती जुडी निम्मी लढाई जिंकूनच घरी येते.

मावशींची पारख मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून शिकले. त्या जुडी हातात घेतात आणि पान बघायच्या आधी बोटं सरळ जुडीच्या पोटात घालतात. आत ऊबट लागलं की बाजूला. जुड्या गच्च बांधून एकावर एक रचल्या की आतली पानं तापतात, मग घाम सुटल्यासारखी ओली होतात आणि तिथूनच सडायला लागतात. वरून मात्र जुडी टवटवीत दिसते, कारण वर पाणी मारलेलं असतं. मग देठ. तो कटकन मोडला पाहिजे. वाकला आणि सालाला लोंबत राहिला तर भाजी कालची. पालकाच्या बुडाशी गुलाबी झाक असली तर चांगलं. मधोमध तुरा वर आला असेल तर पान चरबट झालेलं असणार. मेथीला कळी दिसली की ती पिण्यात घालू नये, कडवटपणा गूळ घालूनही हटत नाही. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नयेत, वास त्यातच जास्त. हे सांगताना त्यांचे हात थांबत नाहीत. पिवळं पान खुडून शेळीच्या पोत्यात, चांगलं पान पुन्हा जुडीत, आणि जुडीला केळीच्या सोपाची गाठ.

पालकाबद्दल त्यांचं मत मात्र मला आधी पटलं नाही. ‘रोज पालक नगं. दातावर चरचरतो ना? तो चरचरनारा पोटात बी चरचरतोच की.’ डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, मावशी ऑक्झॅलेटबद्दल बोलताहेत. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि शरीराला ते कॅल्शियम मिळू देत नाही. अमेरिकेत रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी 1988 साली हे मोजून दाखवलं : पालकातलं जेमतेम 5 टक्के कॅल्शियम अंगी लागतं, दुधातलं 27 टक्क्यांच्या वर. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर कच्च्या पालकाचे पेले रोज रिचवूच नयेत. लोहाचंही तसंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत पालकात 100 ग्रॅममागे सुमारे 3 मिलिग्रॅम लोह दिलं आहे, आणि बाईची दिवसाची गरज 2020 च्या शिफारशीप्रमाणे 29 मिलिग्रॅम. पेल्यात पालक जातो तो मूठभर. म्हणून स्मूदी पिऊन रक्त वाढवतो असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. रक्तक्षयावर गोळी लागते. पाला फोलेट देतो, कॅरोटीन देतो, चोथा देतो, हळूहळू अंग धरायला मदत करतो, आणि ते काम लहान नाही.

पालक आठवड्यातून दोनदा, तोही उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, लगेच गार पाण्यात टाकून. ते पाणी फेकून द्यायचं, कारण बरंचसं ऑक्झॅलेट त्यात उतरलेलं असतं. फोलेटही थोडं जातंच, म्हणून मिनिटाचं दीड मिनिट होऊ द्यायचं नाही. बाकीच्या दिवशी काय, याचं उत्तर मावशींनी दिलं आणि ते मला कुठल्याही आहारतज्ज्ञाने दिलं नसतं.

त्यांच्या टोपलीत नवलकोल असायचा. गिऱ्हाईक गड्डा घेतं आणि पाला मोडून टाकायला सांगतं. तो पाला शेळीला जातो. मावशींनी त्यातली आतली कोवळी पानं खुडून माझ्या पिशवीत टाकली. ‘हे वाटा. गोडसर लागतं. पैसं नगं, शेळीच्या वाटनीचं हाय.’ सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात विकायला ठेवलेला महागडा केल मी तोवर दोनदा उचलून परत ठेवला होता. केल, कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही चारही भावंडं. वनस्पतिशास्त्रात जात एकच. केलची ख्याती ज्या गुणावर उभी आहे, म्हणजे ऑक्झॅलेट कमी आणि त्यातलं कॅल्शियम दुधाच्या तोडीने अंगी लागतं, त्याच घराण्यातला हा पाला आपल्याकडे शेळीपुढे पडतो. हिवाळाभर माझ्या पेल्यात तोच असतो. ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे त्यांनी मात्र या घराण्यातला कच्चा पाला बेताने घ्यावा आणि डॉक्टरांना विचारून घ्यावा.

उन्हाळ्यात मावशी घोळ आणतात. तांबूस देठाची, बारीक मांसल पानांची, वाफ्यात आपोआप उगवणारी भाजी. शेतकरी तिला तण म्हणून उपटतात. चव आंबटसर, आणि ताकात ती इतकी छान मिसळते की लिंबू लागत नाही. जवसात असतं ते ओमेगा-3 जातीचं स्निग्धाम्ल पालेभाज्यांमध्ये घोळीत चांगलं असतं. ऑक्झॅलेट तिच्यातही आहे, पण ताकातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. पालकाची ताकातली पातळ भाजी आपल्या आज्या करत आल्या, त्यामागचं शहाणपण हेच असावं.

शेवग्याचा पाला मात्र मावशींकडचा नाही. ते देणं आत्याचं. आम्ही मूळ कुडाळचे. गोकुळाष्टमीला आत्याच्या घरी शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या ठरलेल्या. परसात शेवग्याचं झाड. आकडी लावून ती फांदी खाली ओढायची आणि आम्हा पोरांना पाला ओरपायला बसवायची. ‘शेंड्याचो कवळो पालो घी. जून पालो कडू लागता, नि देठ ठेवू नको हां, घशाक लागतत.’ माझ्या रक्ताची बातमी कळल्यावर तिने ओळखीच्या माणसाबरोबर सावलीत वाळवलेल्या पाल्याची डबी पाठवली. शेवग्याच्या ताज्या पाल्यात 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. पालकात 100 देखील नाही. वाळवला की पाणी उडून जातं आणि चमचाभर पूड पुरते. पावसाळ्यात माझा पेला त्या डबीवर चालतो, कारण तेव्हा कच्चा पाला मी बंद ठेवते. पानांना चिखल लागलेला असतो, अळ्या असतात, त्यांची अंडी असतात. मिठाच्या पाण्यात कितीही वेळा बुडवलं तरी खात्री देता येत नाही.

काय घालू नये, यात आत्या आणि मावशी यांचं एकमत. अळू कच्चं कधीही नाही. त्यातल्या सुयांसारख्या बारीक स्फटिकांनी जीभ-घसा सुजतो. म्हणून तर फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका लागतो, आणि तेही नीट शिजवून. दुधी घालायचा असेल तर आधी फोड जिभेला लावायची. किंचितही कडू लागला तर सगळा फेकायचा, साखर घालून प्यायचा नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमून सावधगिरीच्या सूचना काढल्या. सासऱ्यांना हृदयाच्या झडपेमुळे रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. त्यांनाही पेला हवा होता. पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या नेमकं उलट काम करतं, तेव्हा एकाएकी पाला वाढवू नका, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते आता पेरू खातात.

पेल्याची बाकीची मांडणी सोपी आहे. पाल्यातलं लोह आंबट फळाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं, म्हणून आवळा, पेरू, संत्रं यांपैकी जे हंगामात असेल ते. पेरूत 100 ग्रॅममागे 200 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही, म्हणून चमचाभर ओलं खोबरं, भिजवलेले शेंगदाणे किंवा भाजलेलं जवस. आधी पाला आणि पाणी फिरवून घ्यायचं, मग फळ, म्हणजे पानांचे तुकडे दाताखाली येत नाहीत. पुदिना आणि आल्याचा तुकडा असला की हिरवा वास जातो. गाळायचं नाही, गाळलं की चोथा गेला. वाटलं की लगेच प्यायचं. आणि चहा त्यानंतर तासाभराने, कारण चहातलं टॅनिन लोहाला अडवतं.

हे चहाचं मी मावशींना सांगायला गेले, आणि तेव्हा त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांची न्याहारी चहा-पाव, दुपारची भाकरी चटणीबरोबर आणि त्यावर पुन्हा चहा. दिवसभर पाल्याच्या ढिगात बसलेली बाई पाला खातच नव्हती. विकला जाईल तो विकायचा, उरेल तो शेळीला. उभं राहताना त्या टोपलीचा काठ धरायच्या आणि ‘ऊन लागलं’ म्हणायच्या. डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायला लावली, तर आत पांढरी फटक. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षाही कमी होतं. पुढच्या तपासण्या झाल्या, आणि गोळ्या त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू झाल्या.

‘ॲनिमिया मुक्त भारत’ योजनेतल्या त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. हे फॉलिक आम्ल शोधण्याची वाट परळहून निघाली, हे मला गोळ्यांविषयी वाचताना समजलं आणि मी थबकलेच. 1928 साली लूसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टर मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयाने मरत होत्या. तिने त्यांच्या रक्ताबरोबर त्यांच्या चुलीवरची भांडीही पाहिली, कोण काय खातं याची नोंद केली. आजार जंतूंचा नसून ताटाचा आहे, इथवर ती पोचली. महागडं लिव्हर एक्स्ट्रॅक्ट या बायकांना परवडणारं नव्हतं, म्हणून तिने यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. बायका बऱ्या झाल्या. 1931 मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला नेमका पदार्थ पुढे 1941 साली अमेरिकेत वेगळा काढता आला, तो पालकाच्या पानांतून. त्यासाठी चार टन पालक लागला होता. परळच्या त्या बायकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. पण जगात जिथे जिथे गरोदर बाईच्या हातावर फॉलिक आम्लाची गोळी ठेवली जाते, तिथे त्यांचं देणं आहे. माझ्यावरही आहे.

मावशींच्या टोपलीजवळ आता स्टीलचा डबा असतो. त्यात भाकरी आणि नवलकोलच्या पाल्याची लसूण घालून केलेली भाजी. कच्चं वाटून प्यायला त्या तयार नाहीत आणि मी आग्रह करत नाही. शिजवलेला पाला त्यांच्या अंगी चांगला लागतोय. गुडघ्यांमुळे हल्ली तीनच दिवस येतात, बाकीचे दिवस सून बसते. सुनेने पहिल्याच दिवशी मला विचारलं, ‘ताई, शिजवायला का प्यायला?’

तुमच्याही कोपऱ्यावर अशी कुणी असेल. हा पाला कोणत्या पाण्याचा, फवारून किती दिवस झाले, एवढं तिला विचारा. ती ‘प्यायला नको’ म्हणाली तर ऐका, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडेच जा. जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. ओळख झाली की तिच्या रक्ताची चौकशी करा. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.